विश्लेषण : आयटी विभागात पहिला नंबर कुणाचा? साहेबांच्या प्रिंटरचा की सर्व्हरच्या पॅचचा?

सोमवारची सकाळ. संचालकांच्या केबिनमधला प्रिंटर बंद आहे, पगाराचे सॉफ्टवेअर अडकले आहे आणि सर्व्हरवर सुरक्षा पॅच टाकायचा राहिला आहे. आयटी विभागात माणसे दोनच. अशा वेळी अनेक कार्यालयांत आधी प्रिंटर सुरू होतो आणि पॅच पुढच्या आठवड्यावर जातो.

प्राधान्य कसे ठरायला हवे?

आयटी सेवांच्या व्यवस्थापनात जगभर वापरल्या जाणाऱ्या 'आयटिल' पद्धतीत बिघाडाचे प्राधान्य दोन गोष्टींवर ठरते : फटका किती मोठा आणि काम किती वेळ थांबू शकते. तक्रारदाराचे पद हा त्यातला निकष नाही. त्यामुळे पगार आधी, प्रिंटर नंतर.

मग पॅच का रखडतो?

कारण त्याच्यासाठी कुणाचाच फोन येत नाही. उलट तो टाकण्यासाठी सर्व्हर बंद ठेवला की तक्रारी सुरू होतात.

याची किंमत किती?

विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून 'वॉनाक्राय' पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांनी मांडला. पॅच टाकण्याचे इशारे रुग्णालयांना मार्च आणि एप्रिलमध्येच मिळाले होते. एवढा गाजावाजा होऊनही २७ जूनला आलेल्या 'नॉटपेट्या'ने इतर मार्गांसोबत हीच त्रुटी वापरली. त्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

उपाय काय?

दोन जणांचा विभाग संचालकांना 'थांबा' म्हणू शकत नाही. म्हणून कामांचा क्रम आधीच ठरवून त्यावर व्यवस्थापनानेच सही करायला हवी. मायक्रोसॉफ्टचे नियमित पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यामुळे ते टाकण्यासाठीची रात्रही कॅलेंडरवर आधीच राखून ठेवता येते.

मूल्यमापनही बदलावे लागेल. प्रिंटर दहा मिनिटांत सुरू होतो आणि एक तिकीट बंद झाल्याची नोंद होते. पॅचसाठी रात्र जागावी लागते, पण त्याचे तिकीट कुणी काढलेलेच नसते. पगारवाढ बंद तिकिटांच्या संख्येवर ठरणार असेल, तर कर्मचारी आधी प्रिंटरकडेच धावणार. त्यात चूक त्यांची नाही, मोजमापाची आहे.