तराजूवर ठरणारा गुन्हा

सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात संसदेत सहसा मतभेद होत नाहीत अशा मोजक्या विषयांत अमली पदार्थांचा विषय अग्रभागी आहे. १९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने यासंबंधीचा कायदा केला आणि १९८९ च्या दुरुस्तीने जामिनाचा मार्ग जवळजवळ बंद करून टाकला. कडक शिक्षेची मागणी करणाऱ्याची मते कमी होत नाहीत, आरोपीच्या हक्कांविषयी बोलणाऱ्याची होऊ शकतात. हा हिशेब सर्वच पक्षांना चांगला कळतो.

या कायद्यात गुन्ह्याचे गांभीर्य प्रामुख्याने वजनावर ठरते. २००१ पूर्वी थोडासा माल बाळगणारा आणि टोळीचा म्होरक्या यांना बहुतेक वेळा सारखीच, किमान दहा वर्षांची शिक्षा होती. वाजपेयी सरकारच्या काळातील दुरुस्तीने त्यात श्रेणी आल्या. हेरॉइन ५ ग्रॅमच्या आत असेल तर ते अल्प प्रमाण, २५० ग्रॅमच्या वर गेले की व्यापारी प्रमाण. गांजासाठी हेच आकडे १ आणि २० किलो आहेत. आज पहिल्या श्रेणीत कमाल एक वर्ष आणि शेवटच्या श्रेणीत दहा ते वीस वर्षे कारावास आहे. पण शुद्ध पदार्थ मोजायचा की भेसळीसकट सगळी पूड? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पहिला अर्थ लावला आणि २०२० मध्ये तो फिरवला. समजा, ३०० ग्रॅम पुडीत जेमतेम १२ ग्रॅम हेरॉइन आहे; तरीही आता ती व्यापारी प्रमाणातच मोडेल.

तेथून पुढे कलम ३७ ची भिंत उभी राहते. आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास सबळ कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी खात्री पटल्याशिवाय न्यायाधीशांना जामीन देता येत नाही. ही खात्री पटायची कधी, तर एकही साक्षीदार तपासला जाण्यापूर्वी! दोषारोपपत्रासाठीही तपासयंत्रणेला १८० दिवस मिळतात आणि ती मुदत वर्षापर्यंत वाढू शकते. दिल्लीतील गांजाच्या एका खटल्यात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा आरोपीने सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता आणि खटला संपलेला नव्हता.

अशा कायद्यात कार्यपद्धती हाच बचावाचा खरा आधार असतो. राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकाऱ्यासमोर अंगझडती मागण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे आणि तो आरोपीला सांगितलाच पाहिजे, असे घटनापीठाने १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये बजावले. मात्र २००५ च्या एका निकालानुसार खिशाला मिळणारे हे संरक्षण हातातील पिशवीला मिळत नाही. तपास अधिकाऱ्यांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद ठरायला २०२० साल उजाडावे लागले. तोवर कायदा होऊन पस्तीस वर्षे झाली होती आणि तो निकालही दोन विरुद्ध एक असा होता. संसदेने जे निःसंदिग्धपणे लिहायला हवे होते, ते न्यायपीठांच्या बहुमतावर सोडले गेले.

मद्यपान करून वाहन चालवण्याचा गुन्हाही आकड्यावरच ठरतो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असला की गुन्हा होतो. येथे मात्र कायदा सौम्य आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हा दंडही २०१९ पर्यंत अवघा दोन हजार होता. मे २०२४ मध्ये पुण्यातील अपघातात दोघांचा बळी गेला. त्यानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. गुन्हा आकड्यावर ठरत असेल, तर आकडा मोजणाऱ्यावर सारे अवलंबून राहते. ऐपतदाराला तो हवा तसा करून घेण्याचा मोह होतो. ऐपत नसलेल्याला समोर येईल तो स्वीकारावा लागतो.

म्हणूनच दुसऱ्यांदा तपासणी मागण्याचा हक्क ही आरोपीवरील मेहेरबानी मानता येणार नाही. पण अमली पदार्थांच्या प्रकरणांत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी अत्यंत अपवादात्मक परिस्थितीपुरती मर्यादित केली आणि त्यासाठीच्या अर्जाला अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत घातली. विलंब टाळण्याचा हेतू समजण्यासारखा आहे, परंतु तुरुंगात बसलेल्या, वकील परवडत नसलेल्या मालवाहू ट्रकच्या क्लीनरने पंधरा दिवसांत रसायनशास्त्राचा अहवाल वाचून त्यातील चूक हेरावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. दुधात पाणी घातल्याचा आरोप असलेल्या विक्रेत्याला नमुन्याचा दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करण्याचा हक्क १९५४ च्या भेसळविरोधी कायद्याने दिला होता. वीस वर्षांच्या कारावासाला सामोरे जाणाऱ्याला संसदेने तेवढाही दिलेला नाही.