घराआधी जमीन वाचा : महाड-पोलादपुरात पहिले घर घेणाऱ्यांसाठी

सव, दासगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यातील बौद्धवाड्यांमध्ये सध्या एक मोठा बदल होतो आहे. आजोबा मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा महापालिकेत कामाला होते. ते चाळीत भाड्याने राहिले. वडिलांनी वाडीतल्या घराची कौले काढून स्लॅब घातला. आता त्यांची मुले-मुली महाड एमआयडीसीत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करतात आणि घराण्यात पहिल्यांदाच कोणीतरी फ्लॅट विकत घ्यायला निघते. याचा आनंद आहेच. पण घरात आजवर कोणी खरेदीखत केलेले नसते, त्यामुळे सल्ला विचारायचा कोणाला हा प्रश्न उरतो. शेवटी सल्ला एजंट देतो, आणि त्याचे कमिशन व्यवहार झाला तरच मिळते.

आम्ही या भागात काम करताना पाहतो की पहिला प्रश्न 'स्क्वेअर फुटाला दर काय?' हा असतो. आमचे म्हणणे असे की आपल्या तालुक्यांत दर सर्वांत शेवटी विचारावा. आधी तीन प्रश्न विचारावेत. पाणी कुठवर येते? जमीन कोणाची आहे? इमारत कोणी तपासली आहे? या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली, तरच पुढे जावे.

पाणी आणि दरड

महाड शहर सावित्री आणि गांधारी नद्यांच्या काठी आहे. वरून डोंगराचे पाणी येते आणि खालून खाडीची भरती. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 रोजी महाड पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. या दोन आपत्तींमध्ये अंतर सोळा वर्षांचे आहे. गृहकर्ज साधारण वीस वर्षांचे असते. म्हणजे कर्ज फिटायच्या आत अशी एखादी वेळ येऊ शकते, हे धरूनच घर निवडले पाहिजे.

नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या भागात ते अटींवर होते. आपला भूखंड कुठे येतो, हे नगरपालिकेत आणि पाटबंधारे विभागात विचारा, शक्यतो लेखी अर्ज करून. डोंगराकडेला घर घ्यायचे असेल तर तहसील कार्यालयातली दरडप्रवण गावांची यादी पाहा. आणि कागदाइतकेच महत्त्वाचे म्हणजे, शेजारच्या जुन्या घरातील आजींना विचारा की 2021 ला पाणी भिंतीवर कुठपर्यंत होते. ती खूण बिल्डरच्या माहितीपत्रकात नसते.

जमीन कोणाची?

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्यानंतरची दहा वर्षांची कोर्टाची लढाई कमी सांगितली जाते. तळे खासगी मालकीचे आहे, असे म्हणत सवर्णांनी 12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे कोणाच्या मालकीचे आणि वहिवाट कोणाची, यावर पुरावे झाले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. रस्त्यावरचा सत्याग्रह शेवटी मालकीच्या कागदांवरही लढावा लागला.

दुसरे उदाहरण वतनाचे. महार वतनाच्या जमिनी वतने खालसा झाल्यानंतर धारकांना परत मिळाल्या, पण सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा राहिला. त्यांची विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे 40 एकर महार वतन जमिनीच्या खरेदीवरून राज्यभर गदारोळ झाला. तेव्हा अनेक तरुणांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आपल्या आजोबांच्या नावावरही असा एखादा तुकडा असेल, तर तो कोणाच्या 'सही करून टाका' या सांगण्यावर देऊ नका. आणि आपण घेत असलेली इमारत अशा जमिनीवर उभी असेल, तर परवानगीचा आदेश पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

सातबारा वाचताना वरची नावे पाहून थांबू नका. 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. तिथे बँकेचा बोजा, वारसांचा वाद, कुळकायद्याचे कलम 43 किंवा आदिवासी जमिनीसंबंधीचे कलम 36 अ दिसू शकते. ही दोन्ही कलमे विक्रीवर बंधन घालतात. शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. फेरफार काढून नावे कशी बदलत आली ते पाहा. अकृषिक परवानगी पाहा. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही. नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवरून फ्लॅट आपल्या नावावर होत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखताने येते.

'बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद चोख', असे अनेकजण समजतात. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो. आपला वकील वेगळा हवा. त्याची फी काही हजारांत जाते, फसलेला व्यवहार लाखांत.

इमारत कोणी तपासली?

24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 जण मेले. ती पडकी चाळ नव्हती. लोकांनी हौसेने घेतलेले फ्लॅट होते. बांधकाम व्यावसायिक, सल्लागार आणि पालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा दाखल झाला. पण तो माणसे गेल्यावर.

म्हणून तीन कागद मागा. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. मंजुरी चार मजल्यांची आणि इमारत पाच मजली असेल, तर तिथूनच परत फिरा. जुना फ्लॅट घेत असाल तर ओळखीच्या अभियंत्याला नेऊन खांब, तुळया, गळती दाखवा. सोसायटी नोंदलेली आहे का आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हेही विचारा.

नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा. रेरा कायद्याने बिल्डरला करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा वेळेत मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण यात एक फट आहे. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. छोट्या गावांतल्या छोट्या इमारती नेमक्या या फटीतून निसटू शकतात. मोठ्या शहरातल्या खरेदीदाराला जे संरक्षण आपोआप मिळते, ते आपल्याला कागद तपासून स्वतः मिळवावे लागते.

हप्ता किती झेपेल?

30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. उरलेले 10 टक्के, मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील हे सारे खिशातून जाते. ते सावकाराकडून किंवा दुसरे वैयक्तिक कर्ज काढून भरू नका. 20 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 17,350 रुपये येतो आणि शेवटी 41 लाखांहून अधिक परत करावे लागतात. एमआयडीसीत कंत्राटावर असाल तर किमान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवूनच सही करा. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करून एक भाग अडचणीसाठी राखायला सांगितले आहे. तो हिशोब आजच्या हप्त्यालाही लागू पडतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्यास वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, त्यामुळे बोनस आला की मुद्दल कमी करा.

घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सवलतीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या बाईच्या डोक्यावर तिच्या स्वतःच्या नावाचे छप्पर येते. कर्जासोबत बँक जो विमा गळ्यात घालते, तो बहुतेक वेळा कर्जदाराच्या जिवाचा असतो. पूर, दरड यांसाठी घराचा वेगळा विमा लागतो. 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी त्यासाठीच आहे.

फ्लॅट झेपत नसेल तर त्यात कमीपणा नाही. गावात स्वतःच्या नावाची जागा असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेची चौकशी पंचायत समितीत करा.

एकट्याने नको

आडनाव ऐकल्यावर काल रिकामा असलेला फ्लॅट आज 'बुक झाला' असे सांगितले जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. त्यामुळे मिळेल तिथे, मिळेल तसे घर घेण्याची घाई होते. स्वस्त म्हणून पूररेषेतला तळमजला किंवा भोगवटा प्रमाणपत्र नसलेला फ्लॅट गळ्यात पडतो तो याच घाईत. जातीमुळे पर्याय कमी होतात आणि पर्याय कमी झाले की धोका वाढतो.

यावर उपाय सामुदायिक आहे. प्रत्येक गावशाखेने आणि मुंबई मंडळाने महिन्यातून एक रविवार विहारात कागद वाचण्यासाठी ठेवावा. समाजात वकील आहेत, अभियंते आहेत, तलाठी कार्यालयात आणि बँकेत काम करणारी मुले-मुली आहेत. त्यांनी दोन तास द्यावेत. ज्याला घर घ्यायचे आहे त्याने टोकन देण्याआधी कागद घेऊन यावे. शिवाय महाड आणि पोलादपूरच्या स्थानिक प्रशासनाकडे एक मागणी लेखी करावी : पूररेषेचा नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींची यादी कार्यालयाबाहेर मराठीत लावा. याला निधी लागत नाही. येत्या पावसाळ्याआधी हे निवेदन द्यायला हवे. पहिली सही कोणत्या गावशाखेची असेल, ते आपसांत ठरवू या.

जय भीम!