धून उरली, कर्ता हरवला

आकाशवाणीची शिवरंजनीवर बेतलेली संकेतधून ऐकत ताडकळससारख्या गावांतील पिढ्या जाग्या झाल्या. तिचे कर्ते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते वॉल्टर कॉफमन मात्र आम्हांस अपरिचितच राहिले. कार्ल्सबाड येथे १९०७ साली जन्मलेले हे जर्मनभाषक ज्यू संगीतकार नाझी राजवटीच्या सावटामुळे १९३४ मध्ये मुंबईत आले व बारा वर्षे राहिले. आरंभी परक्या वाटलेल्या रागसंगीताचा त्यांनी ध्यास घेतला. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. तरीही जर्मन संगीतेतिहासातून ते निर्वासित म्हणून निसटले, आमच्या इतिहासातून पाहुणे म्हणून. वाङ्मयेतिहासातही आपण हेच करतो: आधी कुळ विचारतो, मग कृती पाहतो. हा क्रम उलटल्याखेरीज कोणताही इतिहास पुरा होणार नाही, असे आम्हांस वाटते.