जेसीबीची खालची पायरी

गल्लीतली पाइप फुटो, नाहीतर कुणाच्या घराचा पाया खणायचा असो, जेसीबी आला की शेंबड्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे दारात येऊन उभे राहतात. (ही अक्षरे जोसेफ सिरिल बॅम्फर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची. आपण मात्र कुठल्याही कंपनीच्या पिवळ्या यंत्राचे हेच बारसे करून मोकळे झालो आहोत.) सगळ्यांचे डोळे बकेटवर असतात. पुढच्या खेपेस जरा ऑपरेटर खाली उतरताना पाहा. पुष्कळ यंत्रांची सगळ्यांत खालची पायरी वाकलेली असते, नाहीतर नसतेच. तो बिचारा सरळ उडी मारतो.

ही पायरी आधी मोडते, कारण ती जमिनीला सगळ्यांत जवळ. दगड, मुरमाचा ढीग, काहीही तिलाच आधी लागते. यंत्र बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून पुष्कळ मोठ्या यंत्रांवर ती रबराच्या पट्ट्यांवर किंवा तारेच्या दोरावर लोंबती ठेवतात. दगड लागला की मागे सरते, पुन्हा जागेवर येते.

ती तुटली की आपल्याकडे काय होते? यंत्र उद्यमनगरात येते, वेल्डर अर्ध्या तासात एक सळी आडवी डकवतो आणि मालक कामावर परत. बाबूराव पेंटरांनी जिथे सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवला, त्या गावाला एक पायरी नीट बसवता येत नाही असे कोण म्हणेल? हात आहेत, फक्त सवड कुणी देत नाही. गोल सळीवरून चिखलाचा बूट सटकतो. चेकर्ड प्लेट टाकली तर राधानगरी-गगनबावड्याकडची तांबडी माती पावसाळ्यात तिच्या नक्षीत अशी बसते की नक्षी असून नसल्यासारखी. तिथे हवी दातेरी कडांची उघडी जाळी, म्हणजे चिखल खाली गळतो. आणि घट्ट वेल्ड केलेली पायरी पहिल्याच दगडाला वाकते, वर तिचा ब्रॅकेटही उपटून नेते. त्यापेक्षा खडी क्रशरच्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे दोन तुकडे, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी देऊन बोल्टने आवळले, तर स्वस्तात आणि बरेच दिवस काम भागते.

काही गोष्टींत मात्र जुगाड नको. पायरी अनेकदा डिझेलच्या टाकीला किंवा बॅटरीच्या पेटीला लागूनच असते. बॅटरीची वायर काढल्याशिवाय, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावल्याशिवाय ठिणगी पाडू नये. टाकीजवळचा भाग तर सोडवून बाजूला नेऊनच जोडावा. केबिनभोवतीच्या सांगाड्याला भोक किंवा वेल्ड कधीच नको. यंत्र उलटले तर माणूस त्याच सांगाड्याच्या भरवशावर वाचतो. आणि पायरी ऐसपैस करण्याचा मोह आवरावा. रुंद पायरी दिसली की हेल्पर तिच्यावर उभा राहून फिरायला लागतो.

चढताना-उतरताना तोंड यंत्राकडे हवे आणि दोन हात-दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, असा साऱ्या जगाचा नियम आहे. खालची पायरीच नसेल तर तो पाळायचा कसा? तासन् तास हादरे खात बसलेला माणूस, आखडलेले गुडघे, संध्याकाळचा अंधार, खाली फुटके दगड. घोटा मुरगळला की पंधरा दिवसांची मजुरी गेली, आणि ती मालकाच्या वहीत कुठल्याच खर्चात दिसत नाही.

बँकेत असताना तारण यंत्रांच्या पाहणीला मी पुष्कळ हिंडलो. इंजिन नंबर, चेसिस नंबर, विम्याची मुदत, टायरची अवस्था, सगळ्याला रकाने होते. ज्याच्या कमाईवर हप्ता फिटायचा तो माणूस त्या यंत्रावर चढतो कसा, याला रकाना नव्हता. तो घालायला फार मोठा कायदा लागत नाही. महापालिका किंवा ग्रामपंचायत नालेसफाईला यंत्र तासावर घेते, तेव्हा करारात एक ओळ टाकता येईल: दोन्ही बाजूंच्या पायऱ्या आणि धरायचे दांडे शाबूत असल्याशिवाय तास सुरू होणार नाही. मग बघा, उद्यमनगरातल्या वेल्डरला अर्ध्याऐवजी दोन तास मिळतात की नाही.