बक्षिसापेक्षा अट महत्त्वाची


हॅकेथॉनला ‘३६ तासांची जत्रा’ ठरवणारे पत्र वाचले. पत्रलेखकांनी वर्ध्याचे मगन संग्रहालय एकदा पाहावे. तिथले चरखे पाहिले की १९२९ ची स्पर्धा आठवते. सुधारित चरख्यासाठी अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी भलत्याच कडक: किंमत दीडशेच्या आत, आठ तासांत १६ हजार यार्ड सूत, तेही झोपडीतल्या बाईला न थकवता. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पण किर्लोस्करवाडीपर्यंत डोकी कामाला लागली! आमच्या पोरांना हॅकेथॉनमध्ये मात्र ‘स्मार्ट शेती’ असला मोघम विषय मिळतो. त्याऐवजी हिंगणघाटच्या कापूसवाल्याने बोंडअळीच्या सापळ्याची किंमत आधी ठरवून द्यावी, आणि परीक्षकही त्यालाच नेमावे.
– एक वाचक, वर्धा