क्रूझ जहाजांवरील लेझर-शोच्या सुरक्षिततेसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. नौवहन महासंचालक,
मुंबई

विषय: लेझर-शोसाठी बंधनकारक नियम आणि त्यांची प्रत्यक्ष तपासणी

महोदय,

मुंबई, कोकण आणि गोव्यातून क्रूझ जहाजांवर कामाला जाणाऱ्या प्रकाश व रंगमंच तंत्रज्ञांची ही संघटना आहे. लेझर-शोवर आमचे पोट आहे. तो सुरूच राहावा. मात्र त्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर ठरले पाहिजे आणि तपासलेही गेले पाहिजे.

मोठ्या शोमधले प्रोजेक्टर बहुधा वर्ग 4 चे, म्हणजे 500 मिलिवॉटहून अधिक शक्तीचे असतात. प्रखर उजेडात पापणी मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात असा बीम दृष्टिपटल जाळू शकतो. तिथे वेदना होत नसल्याने इजा लगेच लक्षातही येत नाही. जुलै 2008 मध्ये रशियातल्या एका खुल्या संगीत महोत्सवात पावसामुळे वर छत घातले गेले आणि आकाशाकडे रोखायचे लेझर गर्दीकडे वळले. सुमारे 30 जणांच्या दृष्टीला इजा झाली. 2023 च्या गणेशोत्सवात कोल्हापुरातही मिरवणुकीतल्या लेझरने डोळे दुखावले. यंत्र चांगले असूनही मांडणी चुकली की अपघात होतो, हा याचा धडा.

अमेरिकेत 5 मिलिवॉटहून अधिक शक्तीच्या लेझर-शोसाठी अन्न व औषध प्रशासनाची खास परवानगी लागते. जहाजाचा ध्वज मात्र पनामा किंवा बहामाचा, कंपनी तिसऱ्या देशाची, शो भर समुद्रात आणि तंत्रज्ञ रत्नागिरीचा. अशा वेळी दाद कुठे मागायची? भारताने 2015 मध्ये स्वीकारलेला सागरी कामगार करार, 2006 जहाजावर काम करणाऱ्या प्रत्येकाला खलाशाचे संरक्षण देतो. त्यात आम्हीही येतो. त्या आधारावर आमच्या मागण्या अशा:

1. प्रत्येक जहाजावर लेझर-सुरक्षेचा प्रशिक्षित जबाबदार अधिकारी नेमावा. शो थांबवण्याचा त्याचा अधिकार मनोरंजन विभागाच्या वर असावा.

2. प्रेक्षक उभे राहतात त्या पृष्ठभागापासून बीम किमान 3 मीटर उंच असावा. प्रेक्षकांवर बीम सोडायचा असल्यास डोळ्यापाशी पोहोचणारी तीव्रता आधी मोजून ती सुरक्षित मर्यादेत असल्याची नोंद करावी. बीम फिरवणारा आरसा अडकून बीम एका जागी थांबला तर लेझर आपोआप बंद करणारी यंत्रणा आणि हाताशी आपत्कालीन बटण सक्तीचे असावे.

3. प्रोजेक्टर ज्या सांगाड्यावर (ट्रसवर) बसवतात, त्याचे क्लॅम्प इंजिनाच्या कंपनाने सैल होऊ शकतात. म्हणून प्रत्येक शोआधी क्लॅम्प, बीमची दिशा आणि चकचकीत पृष्ठभाग तपासून लॉगबुकात सही करावी.

4. खुल्या डेकवरचा शो कॅप्टनच्या लेखी परवानगीनेच व्हावा. जहाज 5 अंश कलले तर 1 किलोमीटरवर बीम सुमारे 87 मीटर सरकतो आणि दुसऱ्या जहाजाच्या ब्रिजवर किंवा हेलिकॉप्टरवर जाऊ शकतो. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम 20 रात्रीच्या पहाऱ्यात अडथळा आणणाऱ्या दिव्यांना मनाई करतो. तो लेझरलाही स्पष्टपणे लागू करावा.

5. भारतीय बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांच्या तपासणीत हे लॉगबुक आणि मोजमापाच्या नोंदी पाहाव्यात. त्रुटी निघाल्यास ती दूर होईपर्यंत शो बंद ठेवावा. तपासणीच नसेल तर वरचे चारही नियम कागदावरच राहतील, म्हणून ही मागणी आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

6. परवानाधारक भरती एजन्सींनी लेझर चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि जहाजावर चढण्याआधीची दृष्टिपटल तपासणी करारात घालावी. इजेची शंका आल्यास उपचारांचा खर्च जहाजमालकाने करावा.

7. धोका कळवणाऱ्या तंत्रज्ञाचा पुढचा करार त्या कारणाने नाकारला जाऊ नये. आज अनेक जण याच भीतीने गप्प बसतात.

यांपैकी बहुतेक गोष्टींना नवे यंत्र लागत नाही. शिस्त आणि देखरेख लागते. आपण परिपत्रक काढावे, त्याच्या मसुद्यासाठी आम्हाला चर्चेला बोलवावे आणि अन्य ध्वजांच्या जहाजांसाठी हा विषय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत मांडावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने