दोन मिनिटांची पाळी

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांचे मनोबल वाढवायचे ठरले की आपल्याकडे एक हॉल घेतला जातो, वक्ता येतो, सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावतो आणि मग चहा-बिस्किटे होतात. शिस्त म्हणाल तर गणवेश, हजेरी आणि उशीर झाल्यास पगारकपात. यात वाईट काही नाही. पण रात्री अडीचला घाटात उलटलेल्या टेम्पोपाशी जो उतरतो, त्याच्या हाती यातले काय लागते?

या क्षेत्रातली खरी शिस्त कशी असते ते पाहायचे तर छाती दाबण्याचा नियम पाहावा. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, दर वेळी पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. तो 'दमलो' म्हणाला म्हणून बदलायचा नाही. दमल्याचे त्याला स्वतःला कळण्याआधीच दाब उथळ होऊ लागतो, हे मोजून पाहिलेले आहे, म्हणून बदलायचा. 'अजून जमतंय मला' या त्याच्या म्हणण्याला नियमात जागाच नाही. माणूस थकणार हे आधीच धरून चाललेली ही व्यवस्था आहे, आणि चिवटपणा अशाच व्यवस्थेतून येतो. तो जन्मजात गुण मानला की व्यवस्थापनाची सुटका होते, एवढेच.

आता हाच नियम आपल्या 108 च्या गाडीत लावून पाहा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 साली 937 गाड्यांनिशी सुरू झाली. इतर बऱ्याच राज्यांत गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. आपण डॉक्टर ठेवला, आणि तो निर्णय चांगलाच होता. पण गाडी निघाली की पायलटचे (108 मध्ये चालकाला हेच म्हणतात) दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि मागे डॉक्टर एकटा. समोरच्या बाकावर रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा, तोही हादरलेला. वळणावर तोल सावरत एका हाताने वरचा दांडा धरायचा, की दोन्ही हातांनी छाती दाबायची? दोन मिनिटांनी पाळी द्यायची ती कोणाला? तालुक्याच्या गावाहून जिल्हा रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असेल, तर हा प्रश्न तासभर तसाच राहतो. तिसऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो. व्याख्यान त्याहून स्वस्त पडते.

झोपेचेही तेच. डॉसन आणि रीड या संशोधकांचा 1997 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला प्रयोग सांगतो की, सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात-नजरेचे काम रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. रिलीव्हर आला नाही म्हणून बारा तासांच्या पाळीवर दुसरी पाळी ओढणारा पायलट पहाटे याच अवस्थेत गाडी हाकत असतो. नाक्यावर त्याच्या तोंडाशी यंत्र धरले तर ते शून्य दाखवील. कार्यालयात मात्र 'डबल ड्युटी'चे कौतुकच होते.

दोन केसेसच्या मधल्या वेळाकडे तर कोणाचेच लक्ष नाही. रुग्ण कॅज्युअल्टीत नेला, पण तिथे खाट रिकामी नाही. म्हणून तो गाडीच्याच स्ट्रेचरवर. स्ट्रेचर सुटत नाही तोवर गाडी हलत नाही, आणि 'आमचं स्ट्रेचर द्या हो' म्हणत डॉक्टर वॉर्डबॉयच्या मागे फिरतो. ते सुटते न सुटते तोच पुढचा कॉल. गाडीतले रक्त पुसायचे, सिलिंडरचा काटा बघायचा, सक्शन चालते का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का ते तपासायचे, हे सगळे मग तपासणीच्या कागदावर नुसत्या टिका मारून 'होते'. ही बेशिस्त खरीच, पण तपासणीला दहा मिनिटे न देणाऱ्याला नोटीस कोण काढणार?

एक भाबडी समजूतही सोडायला हवी. भयंकर केस झाली की लगेच सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि जे पाहिले ते बोलून मोकळे व्हायला लावायचे, ही पद्धत अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये मांडली. तिचा हेतू चांगलाच होता. मात्र अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, असे कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दिसून आले. एखाद्या अभ्यासात तर अपायाचीही शंका आली. ते अभ्यास बहुतांशी अपघातग्रस्तांवरचे होते, कर्मचाऱ्यांवरचे नव्हते, हे मान्य. तरी बळेच बोलते करण्याची घाई नको. त्यापेक्षा पुढचे काही आठवडे कर्मचाऱ्याच्याच बेसवरच्या ज्येष्ठाने त्याची विचारपूस करावी. लहान मुलाची केस हातात गेली तर दुसऱ्या दिवशीची रजा न मागता मिळावी, आणि त्याबद्दल कोणी 'कच्चा आहे' म्हणू नये.

सेवेच्या करारात गाड्या किती आणि त्यांत उपकरणे कोणती, हे बारकाईने लिहिलेले असते. तिथेच राखीव माणसांची संख्या आणि त्यांचा पगारही लिहावा. रिलीव्हर आला नाही तर गाडी उभी ठेवायची की जागलेल्यालाच पुन्हा पाठवायचे, हे रात्री आठ वाजता पायलटने फोनवर भांडून ठरवण्याची बाब नव्हे.